बसलेल्या डोळ्यांची उंची

बातमी आईला आधी दिसली. आमच्या पुढच्या खोलीत दाराला लागून एक खिडकी आहे. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होते आणि माझ्या कमरेच्या किंचित वर संपते. आई दिवसभर तिच्यापाशी बसलेली असते. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते; आईने बसल्या जागेवरून सांगितले, "मिलिंद आलाय बघ. गाडी लावली, पण आत येईना. पाय फाटकातच घुटमळून राह्यलेत." मिलिंद हा माझी मैत्रीण अरुणा हिचा धाकटा भाऊ. एरवी तो हॉर्न वाजवीत, माझ्या आईला 'आजी, चहा!' म्हणत आत येई. मी पदराला हात पुसत बाहेर गेले, तेव्हा तो खरोखरच फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा होता. कडी काढत नव्हता आणि सोडतही नव्हता. "ताई गेली, बाई," एवढेच तो म्हणाला. आत येऊन आईला काही सांगावे लागले नाही. परत येताना खिडकीतून तिने माझेही पाय पाहिले होते...

त्याला आता काही आठवडे झाले. अरुणाविषयी कोणी तरी लिहावे, आणि ज्यांच्या कवितांवरून तिने चित्रे केली त्यांच्यापैकी कोणी लिहिले तर अधिक बरे, असे मिलिंदचे म्हणणे पडले. मी संकोचाने होकार दिला. माझे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले. लिहिण्याची सवय मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर लागली, आणि लिहिलेले दुसऱ्याला दाखवण्याची सवय तर अजूनही नीटशी लागलेली नाही. त्यामुळे या लेखात शब्दांचा तोल कुठे गेला असेल, तर तो दोष माझा समजावा. अरुणाच्या कामात तसा दोष कधी नसे.

घनसावंगीच्या बसस्थानकासमोर, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर, तिचे कार्यालय होते. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि पुस्तकांनी भरलेले त्यांचे घर सगळ्या बौद्ध वस्तीला वाचनालयासारखे उघडे असे. अरुणा संभाजीनगरला वास्तुकलेचे शिक्षण घेऊन पुण्याला गेली. अजून न बांधलेल्या इमारतींची चकचकीत चित्रे संगणकावर तयार करण्याचे काम तिने तिथे काही वर्षे केले. वडील आजारी पडले म्हणून ती गावी आली, आणि ते गेल्यानंतरही परतली नाही. आमच्याकडे घर बांधायला काढणारा माणूस नकाशाआधी 'फोटो' मागतो. जे घर अजून जमिनीवर नाही त्याचा हा फोटो. तो मोठा छापून बांधकामाच्या पत्र्यावर लावायचा आणि मिस्त्रीला सांगायचे, 'फोटोसारखं करा.' अरुणाचे पोट असे फोटो करण्यावर चालत असे. जीव मात्र दुसऱ्याच चित्रांत गुंतलेला होता.

ती चित्रे मी प्रथम पाहिली, तेव्हा मीही घराचा फोटो करून घ्यायलाच गेले होते. तिच्या खोलीत भिंतीभर चित्रे होती. एकात नुसता जिना आणि त्याच्या शेवटच्या पायरीवर पडलेले ऊन. दुसऱ्यात तळाकडून पाहिलेली विहीर. मी भीतभीतच विचारले, की ही घरे कोणाची. ती म्हणाली, "ही घरं न्हाईत बाई, या कविता हायेत." मग तिने खुर्ची ओढून मला बसवले आणि एकेका चित्राची कविता वाचून दाखवली. एकदा वाचनालयाच्या सभागृहात तिने ही चित्रे मांडली होती. लोक कौतुकाने आले, पण बहुतेकांनी किती चौरस फूट आणि नकाशा मिळेल का, एवढेच विचारले. हे सांगताना ती मनापासून हसत होती. पुढे लक्षात आले, की त्या हसण्याच्या तळाशी थोडेसे काही तरी दुखत असे.

तिची काम करण्याची रीत मला आजही थक्क करते. संगणकात घर उभे केले, की ते कुठून पाहायचे हे ठरवणारा एक बिंदू ठेवावा लागतो. त्याला कॅमेरा म्हणतात. तो आपण होऊन साडेपाच फुटांवर जाऊन बसतो. "म्हणजे उभा असलेला धडधाकट पुरुष," अरुणा म्हणे. "जगातली सगळी घरं त्यानंच बघितलेली हायेत." म्हणून कोणाचीही कविता हातात आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे : या कवितेतले डोळे किती उंचीवर आहेत? अंकुशनगरच्या एका शिक्षकाने ऊसतोडीवर कविता लिहिली होती. हा प्रश्न ऐकून तो रागावून निघून गेला आणि आठवड्याने परत येऊन म्हणाला, "वाकलेल्या बाईच्या डोळ्यांइतके." त्या कवितेच्या चित्रात तिने कापलेल्या उसाचे बुडखे आणि वर आभाळाची एक चिंचोळी पट्टी एवढेच ठेवले. तिच्या कोणत्याच चित्रात माणूस नसे. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बघणारा माणूस कवितेत असतोच ना बाई. त्याला पुन्हा समोर कशाला उभा करायचा?" भिंतींचे रंग आणि पोत ती कधीही आयते घेत नसे. जांब समर्थच्या रस्त्यावरच्या ढासळत्या गढीची माती, साखर कारखान्यामागच्या चाळीवरची काजळी, शाळेच्या फळ्यावर राहून गेलेला पुसट खडू... हे सारे ती स्वतः जाऊन टिपून आणी आणि संगणकातल्या भिंतींवर चढवी.

मी घर बांधत होते ते आईसाठी. आमचे कुळ मेंढरांमागे फिरणारे. वडिलांच्या हयातीत गोदाकाठच्या एका वाडीत आमचे तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाचे घर झाले, आणि ते गेल्यानंतरही आई तिथे एकटीच राहत होती. नव्या घराला तिचा साफ नकार होता. "मला न्हाई यायचं त्या पेटीत," ती म्हणे. "बसलं की भिंत, उठलं की गुडघे. तूच ऱ्हा." आई जन्मभर जमिनीवर बसलेली. खुर्चीत तिचा जीव लागत नाही, आणि पक्क्या घरात जमिनीवर बसणाऱ्याला भिंतीशिवाय काही दिसत नाही. हे मला कळत होते, पण त्यावर उपाय सुचत नव्हता. वाडीत रस्ता नाही, दवाखाना नाही. पावसाळ्यात तिच्या काळजीने मला घास गोड लागत नसे. ती आलीच नाही तर ते घर कोणासाठी, हा प्रश्न पाया खोदला गेल्यापासून माझ्यासमोर होता.

हे सारे अरुणाला तोंडाने सांगणे मला जमले नाही. त्याऐवजी एक दिवस मी तिच्यासमोर घडी घातलेला कागद ठेवला आणि म्हणाले, की माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आईवर केलेली कविता आहे, जमल्यास पाहावी. त्यात या चार ओळी होत्या :

दार लागले तरी
तुझ्या बोटांनी सरकवलेल्या दोन तुराट्या
संध्याकाळ आत घेत राहिल्या,
मेंढरांच्या आधी धूळ येत राहिली.

आई थंडीवाऱ्यात दार लावून घेई आणि कुडातल्या दोन तुराट्या सरकवून, त्या दोन बोटांच्या फटीतून, वडिलांची वाट पाहत बसे. त्याचीच ही आठवण. अरुणाने कागद पुन्हापुन्हा वाचला. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "त्या ओळखीच्या बाईंना विचारा, त्यांच्या आई जमिनीवर बसायच्या का पाटावर?" मी तितक्याच गंभीरपणे सांगितले, की विचारून कळवते. दुसऱ्या दिवशी कळवले, "जमिनीवर." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यामध्ये त्या बाईंचा निरोप्या म्हणून मीच ये-जा करीत होते. माझा संकोच तिने एका शब्दानेही उघडा पाडला नाही.

चित्रासाठी सारवलेली जमीन हवी, एवढेच निमित्त सांगून ती माझ्याबरोबर वाडीला आली. जीपमधून उतरून बरेच चालावे लागते. पायांवर सूज असूनही ती चालली. आम्ही पोहोचलो तेव्हा आई सारवत होती. अरुणाने तिला थांबू नका म्हणून विनवले आणि तिरप्या उन्हात ओल्या जमिनीचे फोटो घेऊ लागली. "शेणाचे फोटो काढून काय करती गं पोरी?" आईने विचारले. "कॉम्प्युटर सारवून घ्यायचाय, आजी," ती म्हणाली. आई हसून हसून पालथ्या हाताने डोळे पुसू लागली. त्या दिवशी दोघींचे जे जमले ते शेवटपर्यंत.

पुढे जे घडले ते आमच्याच भागात घडू शकते. अरुणाने जालन्याहून दोन चित्रे छापून आणवली : एक माझ्या घराच्या दर्शनी बाजूचे, दुसरे त्या कवितेचे. कवितेच्या चित्रात दोन बोटांची ती फट तिने रुंद केली होती. बंद दार, त्याला लागून अगदी जमिनीलगत एक खिडकी, आणि खिडकीबाहेर धुळीने सोनेरी झालेली संध्याकाळ. हे दुसरे चित्र तिला मला भेट म्हणून द्यायचे होते. दोन्ही एकाच गुंडाळीत मिलिंदबरोबर आली, आणि मी आईच्या तापामुळे वाडीला गेलेली असल्याने मिलिंदने ती बांधकामावर दिली. परत आल्यावर पाहते तो पुढच्या खोलीची भिंत चढलेली आणि दाराशेजारी जमिनीपासून वीतभर उंचीवर खिडकीची जागा सोडलेली. गफूरभाई मिस्त्रींनी आजवर अर्धे गाव बांधलेले. ते शांतपणे म्हणाले, "बाहेरचा फोटो पत्र्याला लावला, आतला हितं लावला. फोटोत खिडकी खाली हाय, आपुन खाली केली. बिलकुल बराबर." कवितेचे चित्र त्यांनी गिलावा नसलेल्या विटांवर खिळे मारून लावले होते. शेजारचे एक गृहस्थ कोपऱ्यावरून पाहत होते. त्यांनी विचारले, की बाई, खिडकी खाली सरकली का जमीन वर आली? 

मी फोन केल्यावर अरुणा तशीच आली. तिचा चेहरा उतरला होता. "माझं चुकलं बाई. दोन्ही एकत्र गुंडाळले. एकावर 'हे घर न्हाई' म्हणून लिहायचं राह्यलं." गफूरभाईंना हे पटेना. "मॅडम, दोन्हीत दार हाय, दोन्हीत खिडकी हाय. मंग घर न्हाई तर काय हाय?" त्यांची अडचण वेगळी होती. दुसऱ्या दिवशी खिडकीवरची काँक्रीटची पट्टी टाकायची होती. विटा काढायच्या तर आजच काढायच्या, जल्दी सांगा म्हणत होते. मी काढा म्हणणार होते. साप, धूळ, चोर, लोकांचे बोलणे... सगळे एकदम डोळ्यांसमोर आले होते. तेवढ्यात अरुणा त्या रेती-सिमेंटमध्ये तशीच खाली बसली. खिडकीच्या मोकळ्या चौकोनातून रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "बाई, तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना विचारा, त्यांच्या आई आज हिकडं येऊ शकतील का?"

"येईल," मी म्हणाले. "माझीच आई आहे ती." अरुणाने मान हलवली, जणू ही बातमी तिला खरोखर नवी होती.

वाडीतल्या शेजाऱ्याच्या फोनवर निरोप दिला. ताप उतरलेला होता; आई दुपारच्या जीपने आली, कुरकुरतच आली. भिंतीला धरून एकेका खोलीतून फिरली. विटांवर लावलेल्या त्या चित्रापाशी मात्र थांबली. चित्रातल्या जमिनीवर तिने बोट ठेवले. "हे माझं सारवण हाय," ती म्हणाली. "हा अंगठ्याचा फराटा बघ. माझा अंगठा वाकडा हाय ना." मग तिची नजर शेजारच्या मोकळ्या जागेकडे गेली. अरुणाच्या खांद्याचा आधार घेत ती खाली बसली. बाहेरून एका सायकलचे चाक गेले, कोणाच्या तरी चपला गेल्या. एक करडी शेळी थेट विटांपाशी आली आणि आत तोंड घालून आईकडे पाहू लागली. दोघींचे डोळे अगदी एका रेषेत होते. "ही शेळी कुणाची गं?" आईने विचारले. आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. "मंग विचारावं लागंल," ती स्वतःशीच म्हणाली. गफूरभाईंनी घसा खाकरून खोलू का ठेवू असे विचारले, तेव्हा ती मागे वळलीही नाही. "त्याला हात नको लावू बाबा. उन्हाळ्याआधी पुरं होईल का तुझं काम?"

मी दुसरीकडे तोंड फिरवले. आई येणार होती... अरुणा अजून सिमेंटमध्येच बसलेली होती. तिच्या शेजारी तिच्या चित्राची खिडकी होती आणि त्या खिडकीत माझी आई. ती हळूच म्हणाली, "बाई, माझ्या चित्रात आजपर्यंत कोणी येऊन बसलं न्हवतं."

खिडकी राहिली. समोर व्हायची कंपाउंडची भिंतही अरुणाने बुटकी बांधायला लावली, नाही तर आईला नुसती तीच दिसत राहिली असती. सापाच्या भीतीने मी बारीक जाळीचा आग्रह धरला, तेव्हा तिने जाळीही दिली आणि त्यापुढे उभ्या गजांची चौकट काढून दिली. त्यातले मधले दोन गज एकमेकांपासून इतर गजांहून थोडे अधिक अंतरावर ठेवलेले आहेत. पाहणाऱ्याला तो लोहाराचा हलगर्जीपणा वाटतो. त्या दोन तुराट्या आहेत हे आम्हा तिघींनाच माहीत होते.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही पुष्कळ काम केले. मी लिहायचे आणि ती माझ्या ओळींतले डोळे शोधायची. तिच्या प्रश्नाने मला माझ्याच कविता नव्याने लिहाव्या लागत. बहुतेक ओळींत मी कुठून पाहते आहे हे मला स्वतःला माहीत नसल्याचे आढळे. हे तिने मला शिकवले, आणि शिकवले म्हणून कधी म्हटले नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने तिला जालन्याच्या फेऱ्या करायला लावल्या, तरी परतताना ती आईपाशी जमिनीवर थोडा वेळ बसूनच घरी जाई. दोघी बाहेर पाहत बसत.

शेवटची भेट तिच्या घरी झाली, एका दुपारी. ती पलंगावर पडून होती. संगणक उशीवर टेकवलेला. "नवीन काही?" तिने विचारले. मी सवयीने कागद पुढे केला. "वाचून दाखवा बाई. डोळे दुखून राह्यलेत." मी आजवर कोणासमोर माझी ओळ वाचलेली नव्हती. तिने अनेकदा सुचवले होते आणि मी अनेकदा टाळले होते. त्या दिवशी मात्र वाचली. प्रमेय समजावून सांगावे तशा कोरड्या आवाजात वाचली असेल, पण शेवटपर्यंत वाचली. तिने डोळे मिटून ऐकले आणि आपला प्रश्न विचारला. या वेळी मला थांबावे लागले नाही. "पलंगावर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांइतके," मी म्हणाले. ती हसली. "मंग छत करावं लागंल चांगलं. छताकडं कोणी बघत न्हाई, समदे कसंही उरकतात." आणि मिलिंदला हाक मारून तिने आपल्याच खोलीच्या छताचे फोटो घ्यायला सांगितले : छताला आडवे टाकलेले लाकडी सरे, पंख्याची काळवंडलेली पाती, ओल आलेला कोपरा. तो कोपरा नीट घे, असे तिने त्याला पुन्हा बजावले.

ते चित्र मिलिंदने परवा आणून दिले. संगणकावरचे चित्र आधी नुसते कणांचे असते, चाळणीतल्या रेतीसारखे, आणि मग एकेक भाग हळूहळू स्वच्छ होत जातो. यातले छत पूर्ण झाले आहे. सऱ्यांवरच्या गाठी मोजता याव्यात इतके स्पष्ट आहे, आणि ओलीचा तो कोपरा एखाद्या दूरच्या प्रदेशासारखा सुंदर दिसतो. जिथे छत भिंतीला मिळते तिथपासून मात्र कण तसेच राहिले आहेत. तिने तिथे थांबवले की ते तिथे थांबले, मिलिंदला सांगता येत नाही.  ते भिंतीवर लावायला मी खिळा शोधत होते, तेव्हा आई म्हणाली, "ते उभ्यानं बघायचं हाय का?" मिलिंदने स्टुलावर चढून ते खिडकीच्या वर, खोलीच्या छतालाच लावले. दुपारी मी आईशेजारी चटई टाकून पडते आणि ते पाहते.

अरुणाला ओळखणारे अजूनही अधूनमधून येतात. तिच्या चित्रातली खिडकी ती हीच का, म्हणून विचारतात. उभ्या उभ्याच कमरेत वाकून पाहतात आणि अवघडतात. आई त्यांना हाताला धरून खाली बसवते. गुडघे दाबत, कपडे सावरीत ते बसतात, आणि त्या दोन गजांमधून रस्त्याकडे पाहू लागतात. मग थोड्या वेळाने कोणी तरी विचारतेच, "ही शेळी कुणाची?" आईला आता सगळ्यांच्या शेळ्या माहीत आहेत.